मनगटावरची जागा

घड्याळ येण्याआधी लेकीचा फोन रोज यायचा. संध्याकाळी सहाच्या सुमाराला, मास्तर शेवटच्या सदऱ्याला काजं करत बसलेले असायचे तेव्हा. "बाबा, जेवलात का दुपारी? चक्कर नाही ना आली?" एवढंच. दोन मिनिटांचा मामला. पण त्या दोन मिनिटांवर मास्तरांचा अख्खा दिवस टाचलेला असायचा.

मग डॉक्टर म्हणाले, मास्तरांचं हृदय अधूनमधून लय सोडतंय, लक्ष ठेवायला हवं. दूर नोकरी करणाऱ्या लेकीनं तडक मनगटी घड्याळ पाठवलं. ठोके मोजणारं आणि मोजलेले ठोके तिच्या फोनवर दाखवणारं. "आता काळजीच मिटली," ती म्हणाली. "तुम्ही तिथे आणि तुमचे ठोके माझ्या हातात."

काळजी मिटली आणि फोनही आटला. रोजचा एक दिवसाआड झाला, मग रविवारपुरता. रविवारीसुद्धा ती म्हणायची, "छान आहेत की ठोके! ठेवू मग?" मास्तर म्हणायचे, "ठेव, ठेव. कामात असशील." आपणहून फोन लावायची त्यांना सवयच नव्हती. बायको होती तेव्हा फोन तीच लावायची, हे मागून ओरडायचे, "आणि स्वेटर घाल म्हणावं तिला!" बायको गेली, आणि मागून ओरडायला पुढे कुणी उरलं नाही.

घोडं अडलं ते मनगटापाशी. मास्तरांच्या डाव्या मनगटावर चाळीस वर्षं टाचण्यांची गादी बांधलेली. तिथे घड्याळाला जागा कुठली? उजव्या हातात बांधलं, तर कात्री चालवताना पट्टा अस्तरात अडकायचा. म्हणून दुकान उघडलं की मास्तर घड्याळ उतरवायचे आणि हरवू नये म्हणून इस्त्रीच्या उशीला बांधून ठेवायचे. बाहीत सरकवून शिवण दाबायची, भुसा ठासून भरलेली लांबुळकी उशी ती. जाडीला बरोबर मनगटाएवढी. दुकान बंद केलं की घड्याळ पुन्हा हातात.

त्या मंगळवारी दुपारी कोटाला बाही लावता लावता मास्तरांची छाती धडधडू लागली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मशीनला धरून ते खाली बसले, थेट चिंध्यांच्या ढिगात. फोन समोरच स्टुलावर होता. मास्तर त्याच्याकडे डोळे लावून बसले. आता वाजेल. तिला दिसलंच असणार. घड्याळ हातात नाही, हे त्या घाबरगुंडीत त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

अर्धा तास गेला. धडधड आपोआप निवली. फोन ढिम्म.

"दिसलं असेल, पण कामात असेल," ते स्वतःशीच म्हणाले. छाती शांत झाली होती. तरी फोनवरची नजर त्यांनी काढली नाही.

तेवढ्यात शेजारच्या दुकानातला किल्लीवाला कमरेला सैल करून ठेवलेली पँट न्यायला आला. मास्तरांना जमिनीवर बघून त्याची बोबडीच वळली. त्यानं त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि मग त्याची नजर टेबलावर गेली.

"मास्तर, हे काय हो? तुमच्या उशीचे ठोके एकाहत्तर!"

"काहीतरीच!"

"बघा ना. खालून हिरवा दिवा लुकलुकतोय नि वर आकडा चाललाय. उशीची तब्येत तुमच्यापेक्षा झकास आहे!"

तो हसला. मास्तरही हसले, आणि मधेच थांबले. पाच आठवडे. घड्याळ आल्यापासून पाच आठवडे लेक दिवसभर या उशीची खुशाली बघत होती.

किल्लीवाला गेल्यावर त्यांनी फोन उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. सांगावं तर बोलणी खावी लागणार. न सांगावं तर पुढल्या खेपेला आपण चिंध्यांत आणि उशी एकाहत्तरवर. शेवटी त्यांनी नंबर लावला.

"बाबा? तुम्ही? काय झालं?"

"काही नाही. म्हणजे, दुपारी जरा धडधडलं. अर्धा तास बसून होतो खाली."

"दुपारी? दुपारी तर बहात्तर होते! जेवताना बघितलेत मी."

"ती उशी होती गं."

"कोण?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. मग मान खाली घालून बोलणी खायला तयार राहिले.

"बाबा," ती म्हणाली, तेव्हा आवाज ओला होता. "मी दिवसातून वीसदा बघते ते. इथे जेवायला एकटीच बसते ना मी. फोन समोर ठेवायचा, आकडा बघायचा. बाबांपाशी बसल्यासारखं वाटायचं. आणि मी त्या मेल्या उशीपाशी बसले होते होय!"

"उशी चांगली आहे. पंचवीस वर्षं झाली तिला."

"गप्प बसा!" ती हसली आणि तिनं नाक ओढलं. "आता ऐका. संध्याकाळी किल्लीवाल्याला घेऊन डॉक्टरांकडे जायचं. आणि ती टाचण्यांची गादी सोडा आधी. त्या घड्याळात हृदयाचा आलेख निघतो, डॉक्टरांना दाखवायला. त्याला माणसाचं बोट लागतं, उशीला नाही जमायचं. हात टेबलावर ठेवा, दुसऱ्या हाताचं बोट बाजूच्या बटणावर. तीस सेकंद. हलायचं नाही, बोलायचं नाही."

"तू फोन ठेवणार?"

"नाही ठेवत. आहे इथेच."

मास्तरांनी गादी सोडली. खालची कातडी पांढरीफटक होती, कधी ऊन न पाहिलेली. तिच्यावर त्यांनी घड्याळ बांधलं, बोट टेकवलं. रेघ धावू लागली. मधेच एखादं टोक लवकर येई, एखादं रेंगाळे. फोनमधून लेकीच्या खोलीतले आवाज येत होते. कुठेतरी दार लागलं. खुर्ची करकरली. तिनं श्वास सोडला. किती दिवसांनी दोघं अशी न बोलता एका जागी बसली होती.

घड्याळ थरथरलं. रेघ थांबली.

"झालं का, बाबा?"

मास्तरांनी बोट तसंच दाबून धरलं.

"नाही अजून. थोडं राहिलंय."

"मग बोलू नका!" लेकीनं दटावलं, आणि ती पलीकडे थांबून राहिली.