वीस सेकंदांचं चालणं

सलग सातव्या उत्तरावर लाल फुली मारून बाई थांबल्या. प्रश्न अवघड नव्हता. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला एक माणूस चालताना दाखवला होता. त्याच्या मेंदूच्या कोणत्या बाजूला इजा झाली असेल, एवढंच ओळखायचं होतं. माणूस डावा पाय ओढतो, म्हणजे इजा मेंदूच्या उजव्या बाजूला. फिजिओथेरपी शिकणाऱ्यांचा हा हातचा मळ. दरवर्षी एखाददुसरा घोटाळा करतोच, पण यंदा बघावं तो ‘डावी बाजू’ लिहून मोकळा झाला होता.

“एकाचं बघून दुसऱ्याने लिहिलं असेल,” नवरा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला.

“आपापल्या घरी बसून पेपर देतात ते. कुणाचं बघणार? मांजराचं?”

बरोबर उत्तर त्यांनी आदल्या दिवशीच वर्गाला कळवलं होतं. त्यावर एका मुलीने भीत भीत विचारलं होतं, बाई, मग पुस्तकात उलटं का दिलंय? बाईंनी तिला जरा झापलंच होतं. आता ते आठवून त्यांना चैन पडेना. त्यांनी संस्थेच्या चॅनलवरचा आपलाच धडा उघडला; परीक्षेतला प्रश्न त्यातल्याच चित्रफितीवर होता.

धड्यातली चित्रफीत एका टीव्ही वाहिनीच्या जुन्या कार्यक्रमातली होती. एके काळचे नावाजलेले गोलकीपर आजारातून उठल्यावर त्यांच्या घरी जाऊन केलेली मुलाखत. तासाभराच्या त्या कार्यक्रमातले वीस सेकंद बाईंनी उचलले होते: गोलकीपर खुर्चीतून उठतात आणि काठी टेकत गॅलरीपर्यंत जातात. शिकवताना बाई ती फीत चार वेळा थांबवत. कंबर बघा, गुडघा बघा, पाऊल उचलतंय की अर्धगोल फिरून पुढे येतंय ते बघा. कुठला पाय ते मात्र त्या कधीच सांगत नसत. ते मुलांनीच शोधायचं, हा त्यांचा शिरस्ता.

पडद्यावर गोलकीपर उठले आणि उजवा पाय ओढत गॅलरीकडे निघाले.

बाईंनी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. मग त्यांचं लक्ष गोलकीपरच्या शर्टाकडे गेलं. खिसा उजव्या बाजूला होता. चित्र कुणीतरी आरशात धरल्यासारखं उलटं केलं होतं. तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय, ते बाईंना त्या क्षणी नीट कळलं.

दुसऱ्या दिवशी त्या थेट संकलनाच्या खोलीत शिरल्या. तिथल्या पोराला सगळे ‘कात्री’ म्हणत. बाईंचा चेहरा बघूनच त्याने कानातला हेडफोन काढला.

“मला नका ओरडू, बाई. साहेबांनी करायला सांगितलं. यंदा वाहिनीची तक्रार आली होती, परवानगीशिवाय वापरलंय म्हणून. चित्र उलटं केलं की त्यांच्या मशीनला ओळखता येत नाही. सगळेच करतात.”

“आणि मला सांगायचं कुणी?”

कात्रीने कॉरिडॉरच्या टोकाकडे बोट दाखवलं आणि हात वर केले.

ऑनलाइन विभागाचे साहेब तसे सभ्य गृहस्थ होते. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं, पंख्याचा वेग वाढवला आणि सगळं ऐकून घेतलं.

“एका प्रश्नाचंच आहे ना? सगळ्यांना ग्रेस मार्क देऊन टाका.”

“पुढच्या आठवड्यात ही मुलं वॉर्डात जाणार आहेत. तिथे पेशंटलाही ग्रेस मार्क द्यायचे का? उजवा पाय ओढला की इजा उजवीकडे, असं धडधडीत खोटं मी माझ्या हाताने शिकवलं त्यांना. ज्या मुलीला बरोबर येत होतं, तिलाच झापलं.”

“बाई, तक्रारी वाढल्या तर आपलं चॅनल बंद होईल. सगळ्यांचे धडे जातील. माझा नाइलाज होता.”

“कसला नाइलाज? तासाभरातले वीस सेकंद घेतलेत मी. थांबवून थांबवून शिकवते. आपण ते विकत नाही, त्यांचं गिऱ्हाईक तोडत नाही. शिकवण्यापुरतं एवढं वापरायची कायद्यात सोय आहे. तुम्ही त्यांना तेवढंच उत्तर लिहायचं होतं.”

“सोय आहे हो. पण वाद घालत कोण बसणार?”

“मी! मला विचारलंत तरी का? राजरोस घ्यायचं ते तुम्ही चोरासारखं घेतलंत, आणि चोरी लपवायला त्या माणसाचा पाय बदललात.”

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला. मग त्यांनी तोडगा काढला: त्या गोलकीपरनाच गाठा, नव्याने चित्रण करून आणा, म्हणजे कुणाच्या बापाचं देणं नको. बाईंनी त्या मुलीची फोन करून माफी मागितली, वर्गाला खरं काय ते कळवलं, आणि तणतणतच गोलकीपरचा पत्ता मिळवला.

दार गोलकीपरनी स्वतः उघडलं. “या,” म्हणाले आणि पुढे होऊन बैठकीकडे चालू लागले. बाईंची नजर सवयीने खाली गेली. डावं पाऊल स्वच्छ उचललं जात होतं. टाच आधी, मग चवडा. काठीही नव्हती.

“एक दिवस व्यायाम चुकवला नाही ह्यांनी,” गोलकीपरची बायको कौतुकाने म्हणाली.

बाईंना मनापासून आनंद झाला, आणि आपला धडा बुडाला हेही त्याच क्षणी कळलं. त्यांनी घडलेलं सगळं सांगितलं. सांगता सांगता पुन्हा पारा चढला.

“तुमच्या चालण्यावर ती वाहिनी मालकी सांगते! हद्द झाली की नाही?”

“बघू,” म्हणून गोलकीपरनी हात पुढे केला. बाईंनी फोनमधली मूळ चित्रफीत लावून दिली. ते वीस सेकंद त्यांनी न हलता पाहिले.

“हे कोण बघतं?”

“माझे विद्यार्थी. आठ वर्षं झाली.”

“आठ वर्षं,” गोलकीपर म्हणाले. “ते लोक खेळाविषयी बोलायला आले होते. चालताना कॅमेरा चालू होता हे मला मागाहून कळलं. एवढं दाखवू नका म्हणून फोनही केला होता मी.”

“म्हणजे तुम्हाला न विचारताच दाखवलं? कमाल आहे!”

“नाही विचारलं.” त्यांनी फोन परत दिला. “तुम्ही विचारलं होतंत?”

साहेबांना दिलेली सगळी उत्तरं बाईंच्या जिभेवर होती. वीस सेकंद, शिकवण्यापुरतं, विकत नाही. त्यातलं एकही इथे उपयोगाचं नव्हतं. गोलकीपरची बायको पाण्याचे पेले उचलून आत निघून गेली.

“मुलं हसतात का?” गोलकीपरनी विचारलं.

“छे हो!” बाई चटकन म्हणाल्या, आणि अडखळल्या. “खरं सांगायचं तर… मला माहीत नाही. ऑनलाइन वर्ग असतो. गोंगाट नको म्हणून सगळ्यांचे माइक मीच बंद करते.”

गोलकीपरनी डावं पाऊल उचललं आणि पुन्हा जमिनीवर टेकवलं.

“तसं चालणं मोडायला फार कष्ट पडले,” ते म्हणाले. “पण अजून येतं मला. वर्ग कधी असतो तुमचा?”

“सोमवारी सकाळी. पण तुम्ही कशाला…”

“मी येतो. चालून दाखवतो.” ते उठून उभे राहिले. “माइक मात्र चालू ठेवा. सगळ्यांचे.”