विरोधाचे दहा गुण

कुंभार पिंपळगावच्या बालरुग्ण सेवा मंडळाच्या अध्यक्षा तुळजाबाई यांच्या शब्दापुढे कोणी शब्द काढला, असे बारा वर्षांत घडले नव्हते. आणि नेमके हेच मंडळाच्या मुळावर यावे, असा प्रसंग १९९६ सालच्या चैत्रात उभा राहिला.

मंडळाच्या दवाखान्यात जालन्याहून बालरोगाचे डॉक्टर येत, ते फक्त आठवडी बाजाराच्या दिवशी. उरलेल्या सहा दिवसांत लेकरांनी आजारी पडू नये, अशी व्यवस्था तुळजाबाईंनाही करता आलेली नव्हती. म्हणून त्यांनी पुण्याच्या एका दानशूर संस्थेकडे पूर्ण वेळ डॉक्टरच्या पगारासाठी अर्ज केला. संस्थेने उलट टपाली कळवले, की आमचा माणूस येऊन हिशेब आणि कारभार तपासील व शंभरांपैकी गुण देईल. सत्तर मिळाले तर डॉक्टर, एकोणसत्तर मिळाले तर नमस्कार.

माणूस आला. नाव धर्मराज वाघचौरे. वय पन्नाशीचे, अंगाने किडकिडीत, बगलेत सत्तावीस पानांचा तक्ता. आल्या आल्या त्याने चहा नाकारला. तपासणी पुरी होईपर्यंत पाहुणचार घ्यायचा नाही, असा म्हणे नियम होता. तुळजाबाईंनी कप त्याच्यापुढे ठेवला आणि त्या त्याच्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. शेवटी तो चहा प्यायला. मात्र तशी नोंद त्याने तक्त्यात करून ठेवली.

जमाखर्चाच्या वहीत तिसऱ्याच पानावर तो अडखळला. तिथे लिहिले होते : 'जमा – भागूबाईचा नातू, साडेनऊ किलो.'

"हे काय आहे?"

"गूळ आहे," तुळजाबाई म्हणाल्या. "लेकरू बरं झालं की त्याची तुळा करायची. लेकराच्या भारंभार गूळ आईबापांनी दवाखान्याला द्यायचा. आमची रीत आहे."

"आणि त्या गुळाचे पुढे काय होते?"

मंडळाचे खजिनदार तातेराव पुढे सरसावले. त्यांचे गावात किराणा दुकान होते. "मीच घेतो की साहेब विकत. सात रुपये किलोनं, बराबर रोख."

"आईबाप तो गूळ कुठून आणतात?"

"माझ्याच दुकानातून. नऊ रुपयांनी. अख्खी ढेप दुसरीकडं कुठं मिळती?"

वाघचौरे यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा चढवला. "म्हणजे तीच ढेप पुन्हा पुन्हा..."

"तीच कशी? एवढं पाप न्हाई करत मी," तातेराव दुखावले. "एकच हाय तशी, मुंग्यांनी भोक पाडलेली. पण तिनं अकरा लेकरं बरी केली, साहेब!"

खजिनदारांच्या हितसंबंधाचे चारही गुण तिथल्या तिथे गेले. संध्याकाळी बेरीज झाली, ती त्रेसष्ट. राहता राहिला होता एकच प्रश्न. त्याला गुण होते दहा. वाघचौरे यांनी तो मोठ्याने वाचला : "गेल्या तीन वर्षांत कोणा विश्वस्ताने अध्यक्षांच्या मताविरुद्ध मत नोंदवले आहे काय?"

सचिव रामराव हे तुळजाबाईंचे धाकटे दीर. त्यांनी इतिवृत्ताची वही अभिमानाने पुढे केली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत 'सर्वानुमते मंजूर' असे सुंदर अक्षरात लिहिलेले होते. एका बैठकीला तुळजाबाई आजारपणामुळे आल्या नव्हत्या. त्या दिवशीचा ठराव होता, 'वहिनींच्या मनात जे असेल ते सर्वानुमते मंजूर.'

"मग शून्य," वाघचौरे म्हणाले. "उद्या सकाळी आपली बैठक आहे, ती मी पाहीन. त्यात काही निराळे आढळले तर लिहीन."

ते मुक्कामाच्या खोलीकडे गेले आणि तुळजाबाईंनी विश्वस्तांना बसते केले. मंडळात एकूण सात जण. दाई साळूबाई दवाखान्यात कामावर होती. कायद्याला सातवे नाव लागते, म्हणून तिला विश्वस्त केलेली. तिला बोलावण्याचे कोणाला सुचले नाही.

"उद्या तुम्ही मला विरोध करायचा," तुळजाबाई म्हणाल्या. "हा माझा हुकूम आहे. मी म्हणेन, दवाखान्याचं दार हिरवं रंगवा. तुम्ही म्हणायचं, निळं. मी ठराव मांडला की त्याच्या विरुद्ध हात वर करायचा. करून दाखवा आत्ता."

कोणीही हात वर करीना.

"आत्याबाई, मला जमायचं न्हाई," भाचा अण्णासाहेब रडकुंडीला आला. गावात त्याच्या मिशांचा दरारा होता. "हिरवंच चांगलं दिसतंय."

"मंग आजारी पडल्याचं सांगू का मी?" तातेरावांनी विचारले.

"खबरदार! सगळ्यांनी हजर राहायचं आणि सगळ्यांनी माझ्या विरुद्ध जायचं. जो माझ्या बाजूनं हात वर करील, त्याची माझ्याशी गाठ आहे."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या ओट्यावर बैठक भरली. वाघचौरे कोपऱ्यात तक्ता उघडून बसले. तुळजाबाईंनी हिरव्या दाराचा विषय काढला. रामराव उठले, घसा खाकरला, आणि म्हणाले, "वहिनींच्या आज्ञेवरून मी वहिनींना कडाडून विरोध करतो."

"माझाबी विरोध हाय," अण्णासाहेब डोळे मिटून म्हणाला. "चुकलं असंल तर माफ करा, आत्याबाई."

वाघचौरे यांनी पेन खाली ठेवले. "हा विरोध नव्हे. हे आज्ञापालन आहे. याला गुण देता येत नाहीत."

 तुळजाबाईंच्या डोळ्यांदेखत पूर्ण वेळ डॉक्टर जालन्याच्या एस.टी.त बसून परत चालला होता. इतक्यात पार मागे, खांबाला टेकून बसलेल्या साळूबाईने विचारले, "विरोध करायचा म्हंजे मनातलं बोलायचं का?"

"बोल बोल," तुळजाबाई घाईने म्हणाल्या. "निळं म्हण."

"दाराचं न्हाई, बाई. दारात टांगलेल्या काट्याचं बोलून राह्यले मी. ती तुळा बंद करा."



"म्हणजे?" तुळजाबाईंनी विचारले.

"भिवाचं लेकरू वाळून काडी झालं होतं. तीन आठवडे दवा घेतली, जरा बाळसं धरलं, अन् चौथ्या आठवड्याला आलंच न्हाई. मी घरी गेल्ते. भिवा म्हणतो, मावशे, आल्तं तवा चार किलोचं होतं, आता सहाचं झालं. तुमची दवा अशीच लागू पडली तर मला परवडायचं न्हाई."

"मी कोणाकडं गूळ मागितला कधी?" तुळजाबाईंचा आवाज चढला. "खुशीचा मामला आहे तो!"

"तुम्ही न्हाई मागत. पर काटा दारात हाय ना! येतायेता समदे त्याच्याकडं बघतेत. लेकराच्या गालावर मांस दिसलं की बाप तोंड चुकवून राह्यला."

बारा वर्षांत तुळजाबाईंशी असे कोणी बोलले नव्हते. गुण, तक्ता, पुणे, सारे काही त्या क्षणभर विसरल्या. "तुळा बंद होणार नाही!" त्या कडाडल्या. "हा माझा ठराव आहे. कोण बाजूनं, कोण विरुद्ध, करा हात वर!"

आणि कालचा हुकूम तर अजून कोणी मागे घेतलेला नव्हता. विश्वस्तांनी एकमेकांकडे पाहिले. रामरावांचा हात विरुद्ध बाजूने वर गेला, मग अण्णासाहेबाचा, मग ज्यांना बैठकीत डुलकी काढण्याची सवय होती त्या दोघांचाही. तातेरावांचा हात सर्वांत शेवटी गेला. आपल्याच दुकानाच्या मुळावर उठलेल्या त्या हाताकडे ते परक्याचा असल्यासारखे बघत होते. साळूबाईचा धरून सहा हात झाले.

'हात खाली' हे दोन शब्द तुळजाबाईंच्या ओठांवर आले होते. ते उच्चारले असते तर सहाही हात पडले असते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी साळूबाईकडे पाहिले. ती भीत होती. पण हात वर होता.

"अशी किती लेकरं आहेत?" त्यांनी विचारले.

साळूबाईने दुसऱ्या हाताची बोटे मोजत नावे सांगितली. चौदा झाली. तुळजाबाईंनी रुग्णांची वही ओढून घेतली आणि एकेक नाव शोधले. चौदाही लेकरे 'बरी झाली' या रकान्यात होती. येणे थांबले म्हणजे बरे झाले, असा रिवाज त्यांनीच घालून दिलेला होता. आणि तुळा न करता गेले म्हणून त्यांच्या बापांना चिक्कू ठरवून, तशी खूणही त्यांनीच स्वहस्ते केलेली होती.

त्यांनी पदर सावरला. "रामराव भावजी, लिहा."

रामरावांनी सवयीने लिहायला घेतले, 'सर्वानुम...'

"खोडा ते! लिहा, अध्यक्षांचा ठराव एकास सहा मतांनी फेटाळला. एकास हा शब्द नीट लिहा; ते एक मत माझं आहे. आजपासून तुळा बंद. तातेराव, काटा आत न्या. लेकरं आत तोलायची, अन् वजन नुसतं कागदावर लिहायचं."

वाघचौरे यांनी पेन उचलले. "विरोधाचे दहा. म्हणजे त्र्याहत्तर." सर्वांचे चेहरे फुलले. "मात्र गुळाचे उत्पन्न बुडाले, त्याचे सहा वजा." चेहरे मावळले. "सदुसष्ट." तातेरावांनी कपाळावर हात मारला. "परंतु गूळच नसल्याने खजिनदारांच्या हितसंबंधाचा प्रश्न उरला नाही, ते चार परत. एकाहत्तर."

"आणि कालचा चहा?" तुळजाबाईंनी करड्या स्वरात विचारले.

"तो मी माझ्या नावावर लिहिला आहे," वाघचौरे म्हणाले आणि त्यांनी सही केली.

डॉक्टर मिळणार, हे ठरले; पण तुळजाबाई दुपारी जेवायला घरी गेल्या नाहीत. साळूबाईला पुढे घालून, उन्हातान्हाची पर्वा न करता, त्या थेट भिवाच्या घरी गेल्या. दारात त्यांना पाहताच भिवाने मांडीवरचे लेकरू उचलून कणगीमागे लपवले.

"बाईसाहेब, लई आजारी हाय अजून!" तो हात जोडून म्हणाला. "बिलकुल वजन न्हाई. दिसतंय जाड, पर नुसता वारा भरलाय!"

कणगीमागून लेकरू खदखदून हसले. तुळजाबाईंनी वाकून त्याला बाहेर ओढले आणि कडेवर घेतले. ते चांगलेच जड होते. साठी उलटलेल्या कमरेला ते लगेच कळले.

"वारा आहे ना? मग तो काढायला हवा," त्या म्हणाल्या. "चल दवाखान्यात. दोन आठवड्यांची दवा राहिलीय. गूळबिळ काही नाही. तसा सहा जणांचा हुकूम आहे."

भिवाचा विश्वास बसेना. साळूबाईने त्याला डोळ्याने खुणावले, तेव्हा कुठे तो पायांत वहाणा सरकवू लागला. पण तेवढा वेळ थांबतील त्या तुळजाबाई कसल्या! लेकराला घेऊन त्या केव्हाच वाटेला लागल्या होत्या, आणि "उरलेली तेरा घरं कोणती, ते चालता चालता सांग," असे साळूबाईला बजावत होत्या.