दाण्याची काळी बिस्किटं

"हे काळं काय कालवलंस गं केसर?" गिरजाबाईंनी नाक मुरडलं.

"दाणे हायत मावशी. पाट्यावर तेल सुटेस्तोवर वाटले. त्यात चाकलेटची पूड."

"अन् दिवाळीला असलं?"

"दिवाळी तुमची. सुट्टी आमच्या बी पोरांना हाय."

बायका हसल्या. दिवाळीच्या तोंडावर पिंपरीतल्या या बेकरीची भट्टी दुपारी चाळीतल्या बायकांच्या ताब्यात असे. घरून मैदा, साखर, डालडा आणायचा, तिथंच मळायचं आणि ट्रे भट्टीत गेला की ठाण मांडून बसायचं. उठलं की आपली नानकटाई दुसऱ्याच्या डब्यात गेलीच म्हणून समजा.

केसरबाई एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटत. साहेबांच्या चहाबरोबर आलेलं चॉकलेटचं बिस्कीट त्यांनी एकदा चाखलं आणि ते काही डोक्यातून जाईना. तव्यावर करून पाहिलं तर कोळसा झाला. शेवटी त्यांच्या नवऱ्यानं, भीमराजनं, पुण्याहून कोकोचा डबा आणून दिला.

पण नुसत्या बिस्किटांसाठी त्या आल्या नव्हत्या. त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर होती. त्यांनी दिलेलं ताट चाळीत सगळे हसून घेत आणि कुणी खात नसे. गेल्या वर्षी त्यांच्या हातच्या शंकरपाळ्या गिरजाबाईंच्या शेळीपुढे पडलेल्या त्यांनी स्वतः पाहिल्या. शेळी मात्र आवडीनं खात होती. वर्षभर ते केसरबाईंच्या मनात सलत राहिलं. यंदा कुणाच्या दारी ताट न्यायचं नाही, ज्याला हवं त्यानं मागून खावं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

बेकरीवाल्या जमालभाईंनी गिरजाबाईंचा ट्रे बाहेर ओढला. नानकटाई वितळून एकमेकींत मिसळली होती, ट्रेभर एकच भाकरी झाली होती.

"डालडा हात सोडून घातला तुम्ही," जमालभाई म्हणाले.

गिरजाबाईंचा चेहरा उतरला. उद्या नवा जावई दिवाळसणाला यायचा होता. दुकानातला डालडा संपला होता आणि उद्यापासून भट्टी बेकरीच्या कामाला लागणार होती.

तेवढ्यात केसरबाईंचा ट्रे निघाला. भाजक्या दाण्यांचा आणि चॉकलेटचा वास सुटला आणि बायकांच्या गप्पा थांबल्या. बिस्किटं गोल, खमंग, वरून छान तडकलेली. जमालभाईंनी न विचारता एक तोंडात टाकलं आणि लगेच दुसऱ्याकडे हात नेला. बायका नुसत्या बघत राहिल्या.

गिरजाबाईंनी घसा साफ केला. "केसर, थोडी मला दे की. जावयापुढं काय ठिवू?"

"देते की. पन आधी तुमी खावा. हितं, समद्यांसमोर."

"मला कशाला? जावयासाठी मागतीय मी."

"जावयाला चालतंय अन् तुमाला न्हाई?"

केसरबाईंनी बिस्किटं डब्यात भरली आणि डबा पुढे धरला तो धरलाच. गिरजाबाईंनी एक उचललं, कोपरा चावला, मग उरलेलं सगळं तोंडात घातलं. बराच वेळ चावत राहिल्या.

"दाणं झ्याक भाजल्यात," त्या म्हणाल्या, आणि दुसरं त्यांनी आपल्या हातानं घेतलं.

मग कोपऱ्यातली चतुराबाई उठली, तिच्यामागून बाकीच्या. डबा अर्धा रिकामा झाला. केसरबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"केसरबाई, पुढच्या वक्ताला मला बी दाखवा कसं करायचं ते," गिरजाबाई म्हणाल्या. अहोजाहो आजवर त्यांनी कधी केलं नव्हतं.

संध्याकाळी जावयाचा वाटा केसरबाईंनी स्वतः गिरजाबाईंच्या दारात नेऊन दिला. परत फिरताना शेळीनं दावं ताणून त्यांच्या पदराचा वास घेतला.

"तुला न्हाई गं यंदा," केसरबाई तिला म्हणाल्या.

आतून डब्याचं झाकण हळूच उघडल्याचा आवाज आला. जावई यायला अजून एक रात्र होती.