आईचा रकाना

“अरे देवा, हे पिवळं आहे!” ढुंढिराज सप्रे उबवणी यंत्राच्या काचेला नाक लावून ओरडले. शेडमध्ये ऐकायला दुसरं कुणीच नव्हतं.

सात अंडी फुटून पिल्लं बाहेर आली होती. सहा जणांची लव राखाडी, चुलीतल्या राखेसारखी. सातवं मात्र हळदीत लोळून आल्यासारखं पिवळं धमक, आणि पाठीवर विटकरी पट्टा. ओली लव वाळली की रंग फिका पडेल, या आशेवर ढुंढिराज तासभर तिथेच बसून राहिले. लव वाळली आणि पिल्लू आणखीच पिवळं दिसायला लागलं.

आता एखाद्याला वाटेल, कोंबडीचं पिल्लू पिवळं निघालं तर आभाळ कोसळलं का? ढुंढिराजांवर कोसळलं होतं. बनारसच्या बाहेरच्या या सरकारी कुक्कुट केंद्रात ते बावीस वर्षं असील जातीचा एकच रंग सांभाळत होते. या रंगाला चित्ता म्हणतात. मान आणि पाठ रुपेरी, छाती काळी, त्यात दुसऱ्या कशाची भेसळ नाही. परवा गुरुवारी समिती येणार होती. कळप शुद्ध ठरला तर त्याची नोंद होणार, नवं खुराडं मिळणार, पुढची पिढी वाढणार. नाही ठरला तर शेड रिकामं करून दोनशे पक्षी लिलावात जाणार होते. लिलावातली कोंबडी शेवटी कुठल्या पातेल्यात पोचते, हे काय सांगायला हवं?

ढुंढिराजांचं घर मंगला गौरीजवळच्या गल्लीत. वडील घनपाठी. मंत्रातली पदं उलटसुलट गुंफून म्हणायची आणि एक मात्राही इकडची तिकडे होऊ द्यायची नाही, ही त्या घराची चार पिढ्यांची मिजास. ढुंढिराज मात्र पाठशाळेत बसले की स्वर खाली जायचा तिथे वर नेत. तीन वर्षं वाट बघून वडील म्हणाले, “तू दुसरं काहीतरी बघ.” चिरंजिवांनी दुसरं बघितलं ते थेट कोंबड्या! गल्लीने त्यांचं नाव ‘कोंबडीशास्त्री’ ठेवलं. रोज संध्याकाळी रामघाटावर बुडी मारल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसत, आणि अंडं त्यांनी जन्मात चाखलं नव्हतं.

पण घराण्याची खोड जाते कुठे? ढुंढिराजांनी कोंबड्यांची वंशावळ मांडली होती. जाड पुठ्ठ्याच्या वह्या, सुवाच्य अक्षर, आणि नरांची तीन कुळं: अत्रि, कौशिक, वत्स. अत्रीचा बाप कोण, आजा कोण, पणजा कोण, ते डोळे मिटून सांगत. कोंबडी एखाद्या नराच्या खुराड्यात दिली, की तिच्या पायातलं जुनं कडं काढायचं, त्या कुळाच्या रंगाचं नवं घालायचं आणि वहीत नवं नाव लिहायचं. लग्न होऊन आली ती त्या घरची झाली. यात काही चुकतंय असं त्यांना बावीस वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

दुपारी डॉक्टर मालविका आल्या. केंद्राच्या प्रमुख, वय तिशीचं, माहेर अमरावतीचं. बदली होऊन आल्या त्या दिवशी ढुंढिराजांचं मराठी ऐकून त्यांना अगदी भरून आलं होतं.

“मॅडम, हे बघा,” ढुंढिराजांनी पिल्लू त्यांच्या तळहातावर ठेवलं.

मालविका बघतच राहिल्या. “काका, याचा बाप कोण?”

“धाकटा अत्रि. थोरला गेला म्हणून याला या हिवाळ्यात पहिल्यांदाच जोडीला सोडलं. ही त्याची पहिलीच पिल्लं.”

“आणि धाकट्या अत्रीची आई?”

“अत्रि-सात.”

“ते झालं सासरचं नाव. ती मुळात आली कुठून?”

ढुंढिराजांनी वही उघडली, पानं मागे गेली, पुढे आली. “ते... ते नाही लिहिलं. थोरल्या अत्रीला दिली, मग अत्रीचीच झाली ना ती?”

मालविकांना हसू फुटलं, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. त्या बाकावर बसल्या आणि वहीच्या कोऱ्या पानावर गोल काढू लागल्या.

“काका, पक्ष्यांत या रंगाची तऱ्हाच न्यारी आहे. कोंबडी आपला रंग मुलींना देतच नाही, फक्त मुलग्यांना देते. मुलीला रंग मिळतो तो बापाकडून. मुलगा मात्र दोघांकडून घेतो. त्याच्यात रुपेरी वर दिसतो आणि पिवळा खाली दबून राहतो. तो अंगावर चित्ताच मिरवतो. पुढे त्याला मुलगी झाली आणि त्याने दबलेला रंग तिला दिला, की ती पिवळी! तिच्याकडे झाकायला दुसरा रंगच नसतो. म्हणून न तपासता सांगते, हे पिल्लू मादीच आहे.”

“म्हणजे ही आजीवर गेली?”

“बापाच्या आईवर. सरळ.”

ढुंढिराजांनी गोल काढलेलं पान स्वतःकडे ओढलं. आता त्यांना सगळं आठवलं. चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात रोग आला आणि माद्या पटापट मेल्या. तेव्हा गंगेपलीकडच्या रामनगरला कोंबड्या पाळणाऱ्या सुग्गी काकीकडून त्यांनी एक तलंग आणली होती, पहिलं अंडंही न घातलेली कोवळी कोंबडी. पिवळी होती खरी, पण हाड असं, चाल अशी, की बघत राहावं. थोरल्या अत्रीला दिली. झाडून सगळी पिल्लं रुपेरी निघाली तेव्हा ढुंढिराज केंद्रभर सांगत फिरले होते, “अत्रीचं तेज बघा, बाहेरची आणली तरी बाधत नाही!” वर्षभरात ती कोंबडी मेली. धाकट्या अत्रीच्या मानेवर कोवळ्या उन्हासारखी किंचित छटा होती, तीही त्यांना रोज दिसायची, आणि रोज ते म्हणायचे, ऊन लागलं असेल.

ते त्या बोटभर जिवाकडे बघत राहिले.  या पिल्लाने आजी पाहिली नव्हती. तिचं कडं काढलं, नाव पुसलं, तिचं मूळ कुठेच लिहिलं नाही, आणि ती स्वतः मातीला मिळाली. तरी रुपेरी पिसांच्या आत तो नर इतकी वर्षं आईचा रंग जसाच्या तसा घेऊन फिरत होता. एक मात्रा इकडची तिकडे नाही! वडील असते तर त्यांनीही मान डोलावली असती, असं ढुंढिराजांना वाटलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

“काका,” मालविका हळू आवाजात म्हणाल्या, “धाकट्या अत्रीला आजच बाजूला करू. हे अंडं फुटलंच नाही, असं लिहू. दोनशे जीव वाचतील.”

“आणि कौशिक? वत्स? त्यांच्या बायकांची कडीही मीच बदलली, मॅडम. त्यांच्यात काय दबून बसलंय, मला काय ठाऊक?”

“समितीला तरी कुठे ठाऊक आहे?”

ढुंढिराजांनी पिल्लू उचलून परत उबेत ठेवलं.

घरी त्यांची बायको शरदिनीबाई पालक निवडत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “कमाल आहे तुमची! कोंबडीचंही नाव बदललंत? तांदळात लिहिलं होतंत का?”

“थट्टा नको. मी काय करू, ते सांग.”

“मी काय सांगणार? मी पस्तीस वर्षं शरदिनी आहे. त्याआधी ग्वाल्हेरच्या घरात मृणालिनी होती, ती गेली का कुठे? आपल्या मैत्रेयीचा आवाज ऐका जरा. फोनवर सगळे फसतात, मीच बोलतेय म्हणून.” त्यांनी निवडलेली पानं टोपलीत टाकली. “लपवून लपतं का हो असलं काही?”

गुरुवारी समिती आली. अध्यक्ष सत्तरीचे, कमी बोलणारे. शेड बघून खूश झाले. मग ढुंढिराजांनी पिवळ्या पिल्लाची टोपली आणून टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं. मालविकांनी डोळे मिटून घेतले.

“सर, यह इसी झुंड की है,” ढुंढिराज म्हणाले. “गलती मुर्गे की नहीं, मेरी है. मैंने माँओं के नाम नहीं लिखे.” त्यांनी सगळं सांगितलं, कडी बदलण्यापासून ते रामनगरच्या कोंबडीपर्यंत.

अध्यक्षांनी पिल्लू उचललं, उजेडात धरलं, वह्या चाळल्या.  मग ते म्हणाले, “पंडितजी, चालीस साल में पहली बार किसी ने अपना दोष ख़ुद टेबल पर रखा है.”

म्हणून काही त्यांनी नोंद दिली नाही. तसं होत नसतं. पाच महिन्यांनी पत्र आलं. अत्रीचं कूळ बाद. कौशिक आणि वत्स यांच्या प्रत्येक नराची दोन वर्षं परीक्षा. त्यांच्या मुली पिवळ्या निघाल्या नाहीत तरच कळप शुद्ध. तोवर लिलाव थांबवला. आणि वंशावळ नव्याने लिहायची, आईचा रकाना आधी.

दोन वर्षं! ढुंढिराज महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. बावीस वर्षं ज्या नोंदीसाठी खपले, ती त्यांच्या हातून होणार नव्हती. फार वाईट वाटलं त्यांना. तरी त्यांनी नव्या वहीत रेघा मारून दिल्या आणि माहीत होत्या तेवढ्या माद्यांची मूळ ठिकाणं आठवून आठवून लिहिली. जिथे आठवेना तिथे ‘माहीत नाही’ असं लिहून खाली सही केली.

राहिली ती पिवळी. आता ती चांगली तलंग झाली होती, पण कळपात तिला जागा नव्हती. “घेऊन जा काका, कागद मी बघते,” मालविका म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी ढुंढिराज टोपली मांडीवर घेऊन नावेत बसले. नाववाला म्हणाला, “पंडीजी, मुर्गी लेके कहाँ?”

“इसके मायके,” ढुंढिराज म्हणाले. नाववाला खो खो हसला.

रामनगरला सुग्गी काकी अंगणात गोवऱ्या थापत होती. ढुंढिराजांनी टोपली खाली ठेवून झाकण उघडलं. तलंग बाहेर आली, एक पाय वर धरून, मान तिरकी करून तिने अंगण न्याहाळलं. सुग्गी काकीचे शेणाचे हात तसेच अधांतरी राहिले.

“अरे, ई त हमार दुलारी हौ!”

“दुलारी नहीं काकी, उसकी पोती है.”

“पोती होई त होई. चाल देखा, आँख देखा! दुलारी घरे लौट आइल.” तिने पदराने डोळे टिपले. मग तिने विचारलं, “आप ओकर का नाम रखले रहलीं, पंडीजी?”

ढुंढिराजांनी तोंड उघडलं. पण त्या बाईसमोर ‘अत्रि-सात’ म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

“दुलारी,” ते म्हणाले, आणि अंगणात दाणे टिपणाऱ्या तलंगेकडे बघत उभे राहिले.