थोरल्याची गादी

धाकट्याने थोरल्याचा गाद्यांचा कारखाना जाळला, हे कुणीच नाकारत नव्हतं. खुद्द धाकटाही नाही. वडिलांनी कारखाना थोरल्याच्या नावावर केला, आणि एकदा भांडणात थोरला बोलून बसला, की तुझं इथे काही नाही. झालं! धाकट्याने डोक्यात राख घालून घेतली ती घेतलीच.

आता प्रश्न उरला होता शिक्षेचा. धाकट्याच्या वकिलाने थोरल्याला नीट समजावलं होतं. दुसऱ्याचं गोदाम मुद्दाम जाळलं तर काही वर्षं. पण तिथे माणूस राहतो हे ठाऊक असून जाळलं, तर जन्मठेपसुद्धा. आणि बायको गेल्यापासून थोरला कारखान्यातच तर राहत होता!

कोठडीत मान खाली घालून बसलेला धाकटा पाहिला आणि थोरल्याचा राग कुठल्या कुठे गेला. कडेवर घेऊन फिरवलेलं पोर ते. जन्मात खोटं न बोललेला माणूस साक्षीला उभा राहून म्हणाला, तिथे कुणी राहत नव्हतं, नुसता कापूस होता.

सरकारी वकिलाने एक गादी आत आणवली. आगीच्या वेळी ती समोरच्या फुटपाथवर सापडली होती, नीट गुंडाळलेली. थोरल्याला वाटलं होतं, ती जळून गेली. त्याची पाठ धरते म्हणून धाकट्यानेच ती भरून दिली होती, कमरेशी जास्त कापूस घालून, कडेला दुहेरी टाके मारून.

ही कुणाची, असं वकिलाने विचारलं. गिऱ्हाइकाची असेल, थोरला म्हणाला.

"गिऱ्हाइकाची कशी?" धाकटा उठलाच. त्याचा वकील बाही ओढत राहिला. "दादाची आहे. दुसऱ्या गादीवर त्याला झोप येत नाही. तो दाढीला गेला तेव्हा आधी ती बाहेर काढली, मग काडी लावली."

"गप्प बस रे," थोरला म्हणाला. तोवर सगळं लिहून झालं होतं. धाकटा मात्र त्याच्याकडे बघत होता, निदान एवढं तरी आपण नीट केलं, अशा चेहऱ्याने.

जन्मठेप झाली. थोरला सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. मग डोळे पुसून त्याने न्यायाधीशांना विचारलं, ही गादी त्याला आत नेता येईल का.

नाही म्हणाले.