किलोमीटरमागे वीस सेंटिमीटर

धायरीतल्या एका सोसायटीत रविवारच्या सायकल सहली आखायचं काम रोहनकडे आलं, याचं कारण तो मीटिंगला उशिरा पोचला. वेळेवर आलेल्यांनी एकमताने त्याची निवड करून टाकली होती. काम सोपं वाटत होतं. पुण्याच्या चहूबाजूंना खेडी आहेत, खेड्यांना रस्ते आहेत आणि सोसायटीत सायकली आहेत. त्यांतल्या काहींवर टॉवेल वाळत असतात, पण आहेत.

अडचण होती ती सहल 'कौटुंबिक' असण्याची. रोहनने ग्रुपवर विचारलं की कौटुंबिक म्हणजे नेमकं काय हवं. दोन तासांत त्रेचाळीस उत्तरं आली. चढ नको. कुत्री नकोत. डंपर नकोत. सावली हवी, पण झाडावरून काही पडायला नको. दर तीन किलोमीटरला स्वच्छतागृह हवं. शेवटी मिसळ हवी, मुलांसाठी तिखट नसलेली मिसळ हवी आणि एका कुटुंबासाठी फरसाण, रस्सा व मटकी वगळून मिसळ हवी. सेक्रेटरी दिग्विजयने लिहिलं, "निसर्ग असावा, पण फार आत नसावा."

रोहन आयटीत असल्यामुळे त्याने या सगळ्याचं एक्सेल केलं. सगळ्या अटींचा फिल्टर लावल्यावर पुणे जिल्ह्यात एकच मार्ग शिल्लक राहिला, तो म्हणजे सोसायटीच्या पार्किंगला चौऱ्याऐंशी फेऱ्या. आणि तिथेही एक कुत्रं होतं.

खरी अट मात्र एक्सेलमध्ये नव्हती. ती आतल्या खोलीत गुडघ्याला तेल चोळत बसली होती.

प्रेमलाबाई, म्हणजे रोहनची आई, बासष्ट वर्षांच्या. आरोग्य खात्यात नर्स म्हणून तेहतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. मागच्या महिन्याच्या सहलीत सिंहगडाच्या बाजूला एका चढावर त्यांचा डावा गुडघा बोलायला लागला आणि त्या टेंपोत बसल्या. दमलेल्यांसाठी सहलीच्या मागून एक टेंपो चालतो. त्या दिवशी त्यात त्या आणि एक पंक्चर सायकल एवढेच होते. संध्याकाळी दिग्विजयने ग्रुपवर फोटो टाकून खाली लिहिलं, "सायकलवीर एकोणीस, टेंपोवीर एक." त्याला चौदा अंगठे आले. त्यातला एक खुद्द प्रेमलाबाईंचा होता, आणि रोहनला तोच जास्त लागला.

दुसऱ्या दिवसापासून त्या पहाटे पार्किंगमध्ये सायकल फिरवायला लागल्या. चार दिवसांनी मेथी निवडता निवडता, जणू मेथीलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, "पुढची सहल मी पुरी करणार. जाऊन-येऊन. त्या टेंपोत परत बसणार नाही. आणि बसले, तर माझी सायकल कुणाला तरी देऊन टाक."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. त्यामुळे विषय गंभीर आहे हे घरात सगळ्यांना कळलं.

तोडगा भीमरावांनी काढला. हे रोहनचे वडील. ते पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते आणि पाण्याबद्दल घरातल्या एखाद्या समंजस वडीलधाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलत.

"पाण्याला विचार," ते म्हणाले. "पाणी कधी चढ चढतं का? कॅनॉलच्या कडेचा रस्ता धर. उतारच उतार."

"किती उतार, बाबा?"

"किलोमीटरमागे वीस सेंटिमीटर."

"वीस सेंटिमीटर म्हणजे उतार नाही हो. आपल्या बाथरूमच्या पायरीची उंची आहे ती."

"तुला नसेल. पाण्याला आहे. पाणी तेवढ्यावर अख्खा तालुका पार करतं. कॅब मागवत नाही."

रोहनने नकाशा काढला. हडपसरच्या पुढे, शहर संपलं असावं असा संशय येतो तिथे गाड्या लावून सायकलवर निघायचं, कालव्याकडेने आठ किलोमीटरवर एक गुऱ्हाळ आहे तिथे उसाचा रस प्यायचा आणि त्याच रस्त्याने परत. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला ऊस. आईच्या गुडघ्याला यापेक्षा मऊ रस्ता जिल्ह्यात नव्हता. मग तिला धीर यावा म्हणून त्याने ग्रुपवर लिहिलं, "कालव्याकाठची कौटुंबिक सहल. जाताना संपूर्ण रस्ता उताराचा."

हे खोटं नव्हतं, आणि रोहनचं चुकलं तेही तिथेच. खोटं असतं तर कुणीतरी पकडलं असतं.

जानेवारीतल्या त्या रविवारी वीस जण सायकलवर निघाले. भीमराव तेवढे टेंपोत पुढे बसून गेले. त्यांना सायकलपेक्षा पाण्याकडे बघायचं होतं. उताराची बातमी सगळ्यांनी वाचलेली होती आणि तिचा परिणाम दिसायला लागला. टेबलासारख्या सपाट रस्त्यावर दिग्विजय जोरजोरात पायडल मारत ओरडून सांगत होता, "पायडल मारावंच लागत नाही हो." एक जण वळणावर शर्यतीतल्यासारखा वाकला. तिसऱ्या मजल्यावरच्या द्वारकाताई पूर्ण आठ किलोमीटर ब्रेकवर बोटं ठेवून आल्या आणि वर म्हणाल्या, "मला बाई वेगाची भीती वाटते." त्यांना वाटेत एका म्हशीने मागे टाकलं होतं.

प्रेमलाबाई सगळ्यांत शेवटी पोचल्या, पण पोचल्या. सायकल स्टँडवर लावून त्यांनी गुडघा दोनदा वाकवून पाहिला आणि बाजेवर बसल्या.

गुऱ्हाळात रसाचे ग्लास फिरले. दिग्विजयचा दुसरा ग्लास अर्धा झाला तेव्हा त्याच्या डोक्यात काहीतरी शिरलं.

"काका," तो भीमरावांना म्हणाला, "येताना सगळा उतार होता, म्हणजे आता जाताना..."

"चढ," भीमराव म्हणाले.

"सगळा?"

"सलग आठ किलोमीटर. मध्ये एक फूट सपाट निघाला तर नाव बदलेन. माझ्या हद्दीतला कॅनॉल आहे तो."

बाजांवरच्या एकेकाची मान हळूहळू टेंपोकडे वळली.

रोहनने आईकडे पाहिलं. या माणसांचं काही नाही, ती नसलेल्या उतारावर सुटली तशी नसलेल्या चढावर थकतील. पण आई? आठ किलोमीटर चढ आहे असं ऐकून आई जागीच हरली तर? तिला धीर द्यायला लिहिलेल्या वाक्याने तिला उचलून टेंपोत बसवलं असतं. तो उभा राहिला.

"ऐका, चढ म्हणजे तसा काही..."

"आधी रस पी," प्रेमलाबाईंनी त्याच्या हातात ग्लास कोंबला. "तसाच ठेवलास तर काळा पडतो."

तिकडे भीमरावांनी नेमका आकडा सांगायला तोंड उघडलं होतं. "अहो, तुमचाही राहिलाय," असं म्हणत त्यांच्याही हातात ग्लास गेला. पस्तीस वर्षांच्या संसारात भीमरावांना एक गोष्ट कळली होती. प्रेमलेने हातात दिलेली वस्तू आधी संपवायची, मग बोलायचं. ते प्यायला लागले. रोहनही प्यायला लागला. ग्लास मोठे होते. संपेपर्यंत टेंपोत अकरा माणसं चढली होती.

"दिग्विजय," प्रेमलाबाई म्हणाल्या, "एवढं गुऱ्हाळापर्यंत आलोय, तर सोसायटीला गूळ नको का न्यायला?"

"काकू, कल्पना छान आहे."

"चार ढेपा घे. मोठ्या."

ढेपा चढल्या, सायकली चढल्या, उरलेले चढले. दर सहलीचा टेंपोवाला मच्छिंद्र मूळचा तिथल्याच गावचा. तो टेंपोचा मागचा फळका लावता लावता म्हणाला, "मावशी, या की. कडंला हाय एवढी जागा."

"तिथे माझ्या मुलाची बॅग ठेव," प्रेमलाबाई म्हणाल्या आणि सायकलवर बसल्या.

परतीची मिरवणूक अशी निघाली. पुढे प्रेमलाबाई. शेजारी रोहन. मागे टेंपो, त्यात अठरा माणसं, अठरा सायकली, चार ढेपा आणि पुढच्या सीटवर भीमराव. रस्ता इतका अरुंद की टेंपोला पुढे जाता येईना, आणि मच्छिंद्र हॉर्न वाजवीना. त्याच्या मते मावशींच्या मागे हॉर्न वाजवणं बरं दिसत नव्हतं. त्यामुळे चढ टाळून लवकर घरी जायला निघालेली माणसं ताशी सात किलोमीटरने निघाली. दिग्विजयच्या मांडीवर ढेप होती आणि बरगडीत द्वारकाताईंच्या सायकलचं पायडल.

"काकू," तो आतून म्हणाला, "जरा बाजू देता का?"

"देते की. पाण्यात उतरू का उसात?"



पाचव्या किलोमीटरला प्रेमलाबाईंनी ब्रेक लावला. पाय टेकवला आणि हँडलला धरून उभ्या राहिल्या. मागे टेंपो थांबला. इंजिनाचा आवाज तेवढा राहिला. रोहनने पाहिलं, आईचा डावा पाय गुडघ्यापासून थरथरत होता, आणि ती तो साडीच्या निऱ्या सारख्या करण्याच्या निमित्ताने दाबून धरत होती. खाली ट्रॅक पँट होती. निऱ्या नव्हत्याच.

"आई," तो हळू म्हणाला, "एक सांगू? हा चढ नाहीये. मीच लिहिलं ते उताराचं. वीस सेंटिमीटर आहे फक्त, किलोमीटरला. तू उगीच चढ समजून..."

"आठ किलोमीटरला एक मीटर साठ," प्रेमलाबाई म्हणाल्या. "माझ्याहून चार बोटं जास्त."

रोहनने स्वतःची सायकलही स्टँडवर लावली.

"या रस्त्याने मी लशीचा डबा कॅरिअरला बांधून तीन वर्षं सायकल मारलीय. सकाळी इकडून, दुपारी तिकडून. दोन्हीकडून सारखंच दुखायचं. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तुझे बाबा म्हणाले, सकाळी तुला उतार लागतो, तू भाग्यवान आहेस. तेव्हाच मी त्यांना ओळखलं."

"मग गुऱ्हाळात मला बोलू का दिलं नाहीस? सगळे सायकलवर आले असते."

"म्हणूनच." त्या बाटलीतलं पाणी प्यायल्या. "सगळे सायकलवर आले असते, तर टेंपो रिकामा राहिला असता. मागच्या वेळी दोन किलोमीटर तो असा मागे मागे येत होता. मच्छिंद्र गुणी आहे. दर शंभर पावलांवर विचारायचा, मावशी बसता का. मला चढ नडला नव्हता रे. ती रिकामी जागा नडली."

रोहनने मागे पाहिलं. टेंपोत ढेपांवर माणसं होती, माणसांवर सायकली होत्या, आणि एका चाकाच्या आऱ्यांमधून द्वारकाताईंचा चेहरा दिसत होता. आईने बसायचं ठरवलं असतं तरी बसता आलं नसतं. इतकी बिनचूक आखणी त्याच्या एक्सेलला जमली नव्हती.

एवढ्यात आत हालचाल झाली. दिग्विजयने पायडल बाजूला सारलं, ढेप शेजाऱ्याच्या मांडीवर दिली आणि फळक्यावर एक पाय टाकला. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"काकू, तुम्ही बसा," तो म्हणाला. "मी येतो तुमची सायकल घेऊन. पाय दुखतोय तुमचा, दिसतोय इथून."

दिग्विजयने आयुष्यात केलेली ही बहुधा सर्वांत सभ्य गोष्ट असावी, आणि ती नको त्या क्षणी झाली होती. टेंपोत एका माणसाएवढी जागा दिसायला लागली. प्रेमलाबाई त्या जागेकडे बघत राहिल्या. रोहनला वाटलं काहीतरी म्हणावं. मग वाटलं, आपण काहीही म्हटलं तरी ते त्या जागेच्याच बाजूने एक मत होईल. तो पुढच्या चाकाची हवा तपासायला वाकला. हवा भरपूर होती. त्याने ती बराच वेळ तपासली.

"दिग्विजय," प्रेमलाबाई म्हणाल्या. दंड धरलेल्या पोराला सुई टोचण्याआधी बोलायच्या, तोच तो आवाज. "जागेवर बस."

तो बसला. ढेप परत मांडीवर आली.

"आणि गूळ सांभाळ," त्यांनी जरा मऊ होऊन सांगितलं.

उरलेले तीन किलोमीटर त्यांना पाऊण तास लागला. दोनदा त्या उतरल्या आणि सायकल हातात धरून चालल्या. चालणं धरायचं की नाही यावर टेंपोत थोडी चर्चा झाली आणि धरायचं असं ठरलं. ठराव द्वारकाताईंनी मांडला, अनुमोदन मच्छिंद्रने दिलं. तो सोसायटीचा सभासद नाही हे त्या दिवशी कुणी काढलं नाही.

गाड्या उभ्या होत्या तिथे पोचल्यावर प्रेमलाबाईंनी सायकल झाडाला टेकवली आणि फळका पडायची वाट पाहिली. आतल्या मंडळींच्या पायांना दीड तासात मुंग्या आल्या होत्या. कुणाला उभं राहता येईना. मग त्यांनी एकेकाला हात दिला आणि खाली उतरवून घेतलं. शेवटी दिग्विजय.

"हळू," त्या म्हणाल्या. "घाई नाही. माझ्या खांद्यावर भार टाक."