पिशवी काढायची नाय

अंधेरीच्या मासळी बाजारात सगुणाशी भाव करायचा म्हणजे भल्याभल्यांची टरकायची. कुणी सुरमईला नुसतं बोट लावून बघितलं तरी ती फटकन म्हणायची, "ताई, मासा हाय, पोराचा गाल नाय. घ्यायचा तर घ्या, नाय तर पुढं चला." वेसाव्याच्या कोळीवाड्यातली ती सून. आवाज खणखणीत आणि पाटीतला माल ताजा, त्यामुळे शिव्या खाऊनही गिऱ्हाइकं तिच्याकडेच यायची.

आणि अशी ही बाई, कुणाच्या बापाला न भिणारी, एक गोष्ट मात्र गिळून बसली होती. तिचं अंग बाहेर यायचं. म्हणजे गर्भाची पिशवीच खाली उतरायची. खोकला आला की, पाटी उचलली की, थेट बाहेर. ऐकायला लाज वाटते? वाटू दे. जिला ते सांभाळत दिवसभर मासे विकावे लागत होते, तिचं काय होत असेल ते बघा आधी!

झालं होतं असं. पहिलं बाळंतपण अडलं आणि मुलगा जन्मताच गेला. तेवढ्यात नारळी पौर्णिमा झाली, होड्या दर्यात गेल्या, बंदराला मासळीचे ढीग लागले. बाजारातली बसायची जागा सासूकडून सुनेला मिळते. पण ती रिकामी ठेवली की दुसरी कुणी तिथं पाटी मांडते, आणि मग घसा फुटेस्तोवर भांडलं तरी उठत नाही. म्हणून ओली बाळंतीण असतानाच सगुणानं पाटी डोक्यावर घेतली. कोळीवाड्यात सगळ्याच बायका तसं करत आल्या होत्या, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

अंग उतरायला लागलं तेव्हा सासूनं, कृष्णाबाईनं, इलाज सांगितला. "कासोटा घट्ट आवळ गो. वर दाबून धरला का काय होत नाय." झालं, एवढंच औषध. कोळणीचं चापूनचोपून नेसलेलं लुगडं बघून शहरातले लोक म्हणायचे, काय ठसका आहे! ठसका कसला, कपाळ! त्या कासोट्याच्या आत काय काय कोंडलं होतं ते नेसणारीलाच ठाऊक.

पुढं पुढं तो कासोटाही पुरेना. जखमा झाल्या, लघवीला आग व्हायला लागली. शेवटी नवरा अनंता तिला एका डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "पिशवी काढून टाकू. कटकट मिटेल. येत्या सोमवारी या."

सगुणा ताडकन उठून बाहेर आली. अजून तिशीही आली नव्हती, मांडीवर एक पोर नव्हतं. घरी येऊन ती ढसाढसा रडली. कृष्णाबाईनं पाठीवरून हात फिरवला. "काढून टाक बाय. जीव राहिला तर सगला राहिला. दिराचा पोर घेऊ मांडीवर."

"मना माझा पोर पायजे!" सगुणा ओरडली.

पण ओरडून काय होणार? डॉक्टरचा शब्द म्हणजे देवाचा शब्द. अनंता दारात बसून जाळ्याची भोकं शिवत राहिला.

सोमवारच्या आदल्या दिवशीही सगुणा बाजारात बसली होती. रविवार, गिऱ्हाईक तुफान. नेहमीची एक चष्मेवाली बाई आली आणि पापलेटचे कल्ले उघडून बघायला लागली. सगुणा तिला मास्तरीण समजायची. त्या दिवशी सगुणाचं डोकं आधीच फिरलेलं.

"बाई, किती चिवडाल? उद्यापासून मी नाय इथं, मग हवं तेवढं चिवडा."

"का गं? कुठे चाललीस?"

"पिशवी काढायला." तोंडातून निघून गेलं. उठून बर्फ घ्यायला गेली तर कळ आली, तशीच ओटीपोटाला हात लावून खाली बसली.

बाईनं पापलेट पाटीत ठेवलं. "वय काय तुझं? मुलं किती?"

"एक झाला, तो गेला."

"होतं काय तुला?"

आता एवढं झाल्यावर काय लपवायचं? सगुणानं हळूच सांगितलं. बाईच्या कपाळाला आठ्या पडल्या. "उद्या तिकडे जायचं नाही. माझ्या हॉस्पिटलात यायचं. मी बायकांची डॉक्टर आहे, वसुधा माझं नाव."

सगुणा फटकन म्हणाली, "अवो मग येवढी वर्षं नुसतं मासंच बघत होता?"

वसुधाबाई खो खो हसल्या आणि पापलेट घेऊन गेल्या. त्या दिवशी त्यांनी भावसुद्धा केला नाही.

सोमवारी तपासून झाल्यावर त्यांनी सगुणाला आणि अनंताला समोर बसवलं. "पिशवी चांगली आहे. तिला धरून ठेवणारे बंध सैल पडलेत. काढायची गरज असते तेव्हा मीच काढते, पण हिची काढायला काही कारण नाही. आधी जखमा बऱ्या करू. मग पोट उघडून पिशवी वर ओढायची आणि पट्टीनं मागच्या हाडाला पक्की बांधायची. आपल्या मुंबईत हे ऑपरेशन होतं."

"म्हणजे होडी नांगरावर ठेवायची," सगुणा म्हणाली.

"तसंच. पण हमी देत नाही हं. परत उतरू शकते. दिवस राहिले तर बहुतेक पोट कापूनच मूल काढावं लागेल. आणि ऑपरेशननंतर कित्येक महिने डोक्यावर पाटी घ्यायची नाही." मग त्यांनी अनंताकडे बघितलं. "तुमचं काय म्हणणं?"

अनंतानं टोपी काढून हातात घेतली. "मी दर्यावरचा माणूस. मना त्यातला काय कलतं? अंग तिचा हाय, तिला विचारा."

सगुणानं नवऱ्याकडे असं बघितलं की जणू आजच लग्न झालं. "बांधा," ती म्हणाली.

राहता राहिली जागा. महिनोन्‌महिने पाटी नाही म्हणजे जागा गेलीच. ती चिंता सगुणा घरी बोलून दाखवते तोच कृष्णाबाई उठली. म्हातारीनं कधीच धंदा सोडला होता, अंगणात बोंबील वाळवत बसायची. "जागा माझीच होती का नाय? मी बसते," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पाटी डोक्यावर घेऊन निघालीसुद्धा. सगुणाचं ऑपरेशन होऊन ती घरी आली, चालाफिरायला लागली, तरी म्हातारी बाजारात ठाण मांडून होती.

आणि पिशवी राहिली जागेवर! सगुणा खोकून बघायची, शिंकून बघायची, एकटीच हसायची. वर्ष उलटलं आणि तिला दिवस राहिले. वसुधाबाईंनी पोट कापून मुलगी काढली, काळीसावळी, गुटगुटीत, आणि आवाज असा की नर्स म्हणाली, ही बाजार गाजवणार. अनंतानं भर वॉर्डात नाचायचंच काय ते बाकी ठेवलं.

सगुणा पोरीला घेऊन घरी आली त्या दिवशी अख्खा कोळीवाडा लोटला. पोरीची दृष्ट काढत कडाकडा बोटं मोडून झाल्यावर शेजारची शेवंती सगुणाच्या कानाशी लागली. "ती तुझी डाक्टरीण कुठं बसते गो? माझ्या बहिणीसाठी विचारते." थोड्या वेळानं दुसरी आली, तिच्या मावसबहिणीसाठी. मग तिसरी.

सगुणा भडकली. "तुमच्या बहिणींचाच येतं बाहेर? तुमचा कुणाचाच नाय येत? बोला की मोठ्यानं, तोंडात काय काटा अडकलाय?"

सगळ्या जणी एकमेकींकडे बघेनात.

"माझा येतं," कृष्णाबाई म्हणाली. नात मांडीवर होती, तिला थोपटत ती सहज बोलावं तसं बोलली. "अनंता झाला तवापासून."

सगुणाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. "आये! आणि तू माझ्यापायी येवढे महिने पाटी उचललीस?"

"मग काय, तुझी पिशवीपण जाऊ द्यायची नि जागापण?"

सगुणानं सासूला गच्च मिठी मारली आणि दोघी मोठमोठ्यानं रडल्या. त्यांना बघून शेवंती रडली, आणि मग हळूहळू एकेकीचं तोंड उघडलं.

पुढच्या आठवड्यात वेसाव्याच्या बायकांनी अख्खी बस भरली. हॉस्पिटलातल्या बाकांवर हिरवी, लाल, जांभळी लुगडी दाटीवाटीनं बसली, आणि शिपाई घाबरून धावत आला. कृष्णाबाईला पुढं वसुधाबाईंनी पिशवी वर धरून ठेवणारी नुसती रबराची रिंग बसवून दिली, सुरी लावावीच लागली नाही. पण तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं?

"काय झालं? एवढ्या सगळ्या कशाला आलात?" शिपायानं विचारलं.

बायकांनी पदर तोंडाला लावले. कृष्णाबाई मात्र नातीला छातीशी धरून उभी राहिली आणि मासळी विकायच्या आवाजात म्हणाली, "अंग बाहेर येतं आमचा. पिशवी काढायची नाय. आत जाऊन सांग तुझ्या डाक्टरीणबायला, वेसाव्याच्या बायका आल्यात."